ओहोटीला येणारे पूर्वज

बंदरामागच्या ओल्या वाळूवर दोनेकशे माणसं गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती आणि सगळी मिळून एका भोकाकडे बघत होती. गावात एवढी एकजूट याआधी फक्त पाण्याची पाइपलाइन फुटली तेव्हा दिसली होती. तेव्हाही सगळे भोकाकडेच बघत होते.

"कोणाला बोलवायचं?" वाळूबाबांनी विचारलं.

"माझ्या आजोबांना," न्हावी म्हणाला. "विचारायचं असं की, दुकानात दुसरी खुर्ची घ्यावी का?"

"आजोबांचा धंदा काय होता?"

"न्हाव्याचाच."

"मग येतील. धंद्यातला प्रश्न असला की पूर्वज ताटकळत ठेवत नाहीत. घरगुती प्रश्न असला की टाळाटाळ करतात."

बाबांनी डोळ्यांवरचा काळा गॉगल सारखा केला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि आभाळाकडे हात केले. पूर्वज खाली आणि हात वर, हे काही जणांना खटकलं. पण एवढ्या पोहोचलेल्या माणसाला दिशा कोण शिकवणार?

"हे खालच्या लोकांनो! क्वांटम पातळीवरून एक पातळी वर या! कंपनं धरा, कंपनं सोडा! वारस आलाय, खुर्चीचा विषय आहे!"

एवढं म्हणून त्यांनी पिशवीतली मंतरलेली राख चिमटीत घेतली, भोकात सोडली आणि वर कमंडलूतलं थोडं पाणी ओतलं. लोकांनी श्वास रोखले. वाळू हलली. एक बुडबुडा आला, फुटला. आणि मग त्या भोकातून, कसलीही घाई न करता, एक बोट वर आलं.

फिकट, ओलं, गुबगुबीत बोट. त्याला पेरं होती. ते किंचित डोललं, जणू कोण कोण आलंय ते मोजलं, आणि गपकन खाली गेलं.

"घे खुर्ची!" गर्दी ओरडली. न्हाव्याने डोळे पुसले. "करंगळी होती," तो म्हणाला. "आजोबा वस्तरा धरताना करंगळी अशीच वर ठेवायचे."

नियम सोपे होते. बोट आलं तर होकार, नाही आलं तर नकार. बोटाला हात लावायचा नाही; लावलात तर पूर्वजांचं कनेक्शन तुटतं आणि नवीन जोडून मिळत नाही. पूर्वज रोज यायचे, पण रोज पाऊण तासभर उशिरा. काल सकाळी आठला, तर आज पावणेनऊच्या सुमाराला. याचं कोणालाच नवल वाटलं नाही. "आमचे हे जिवंतपणीही असेच होते," असं गावातल्या बहुतेक विधवांनी एकमुखाने सांगितलं.

आता, बंदराच्या गावाला समुद्रातलं कळू नये, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण या गावाचं सगळं काम बोटी, धक्का आणि बर्फाचा कारखाना यांच्यामध्ये चालायचं. मासा बर्फात आडवा पडलेला असला तरच तो त्यांच्या ओळखीचा. ओहोटीची वाळू म्हणजे बूट खराब करायची जागा. तिथे कोणी पायही ठेवत नसे, म्हणून तिच्यात कोण राहतं याची कोणाला कल्पना नव्हती. वाळूबाबांना होती.

गर्दीच्या कडेला गावातला चष्मेवाला आपल्या आईचा दंड धरून उभा होता. चष्मेवाल्याची आई म्हणून तिचे डोळे उत्तम असतील असा लोकांचा समज होता. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, आणि उजव्यातला तर पिकून घट्ट झाला होता. मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आता थांबू नका. आत दाब वाढला, तर मागाहून ऑपरेशन करूनही नजर परत येईलच असं नाही." पुढच्या सोमवारची तारीख मिळाली होती. चष्मेवाल्याने जन्मभर परक्यांना स्पष्ट दिसावं म्हणून डोळे फोडले होते, आणि स्वतःची आई रोज सकाळी कपाटाला "आलास का रे?" म्हणून विचारत होती.

"मला पुढे ने," आई म्हणाली. "माझा नंबर आला."

"आई, ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत. अण्णा नाही."

"चाळीस वर्षं मी ह्यांना विचारल्याशिवाय पडदेसुद्धा बदलले नाहीत."

"आणि ते काय म्हणायचे?"

"काही म्हणायचे नाहीत. पण विचारायचे मी."

ती पुढे गेली. बाबांनी विचारलं, "मालकांचा धंदा?"

"बर्फाच्या कारखान्यात करवतीवर होते."

बाबांनी या वेळी जागा निवडायला जरा वेळ घेतला. मग एका साफ, गुळगुळीत जागी काठीने भोक पाडलं, राख टाकली, पाणी ओतलं, खालच्या लोकांना वरची पातळी दाखवली. वाळू शांत. दुसरी चिमूट. वाळू शांतच.

"नाही म्हणतायत," बाबांनी उसासा सोडला. "डोळ्याला सुरी नको म्हणतायत. बर्फासारखं आपोआप वितळेल म्हणतायत."

"एवढं सगळं न येता म्हणाले?" चष्मेवाल्याने विचारलं.

"न येण्याची पण एक भाषा असते, बाळ," बाबा म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. "हे सागरामृत. दिवसातून तीनदा दोन्ही डोळ्यांत. झोंबेल. झोंबलं की समजायचं, जळमटं सुटतायत."

सागरामृत झोंबलं. संध्याकाळपर्यंत आईचे डोळे लाल झाले आणि तिने जाहीर केलं की सोमवारी ती कुठेही जाणार नाही.

"पण आई, तुला तर अण्णांचं बोट दिसलंही नाही!"

"माझ्या प्रश्नाला नाही आलं. पण मंगळवारी मी नुसती भेटायला गेले होते ना, तेव्हा आलं होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!"

स्वतःच्या या डोळ्यांनी तिने त्याच सकाळी साबणाची वडी बिस्कीट म्हणून पाहुण्यांपुढे ठेवली होती. पण तो विषय काढणं बरं दिसलं नसतं.

"कुठलं बोट होतं?"

"उजव्या हाताची तर्जनी. मी ओळखणार नाही?"

"आई," चष्मेवाला शक्य तितक्या हळू म्हणाला, "अण्णांची उजव्या हाताची तर्जनी कारखान्याच्या करवतीत गेली होती. आपण ती परसात पुरली."

"म्हणूनच!" आई म्हणाली. "ते सगळ्यांत आधी गेलं. त्याची तिकडे ओळख जास्त."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. चष्मेवाला दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला आणि सवयीने चष्मा पुसायला घेतला. वाळूवर वारा होता. बाबांची राख उडून त्याच्या काचांवर बसली होती. पुसलेलं फडकं त्याने दिव्याखाली धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. करड्या भुकटीत बारीक, लखलखीत, चौकोनी तुकडे होते. राखेला कडा नसतात. याला होत्या, आणि त्याही काटकोनात. त्याने तासभर ते तुकडे वेगवेगळ्या भिंगांखाली पाहिले, दोन उलटसुलट तर्क केले आणि शेवटी बायकोला हाक मारली.

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सध्या ती पेपर तपासत होती, म्हणून आठवडाभर तिला घराबाहेरच्या जगाची वार्ता नव्हती. तिने फडक्याला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

"मीठ," ती म्हणाली.

"अगं, ती मंतरलेली—"

"मंतरलेलं मीठ. जाडं. अहो, तासभर भिंगातून काय बघत होतात? मीठ चाखायचं असतं."

चष्मेवाला ओशाळला. मग त्याने तिला बोटांचं सगळं सांगितलं: फिकट रंग, पेरं, येणं, डोलणं, पळणं, पाऊण तासाचा उशीर. ऐकता ऐकता बायकोने लाल पेन खाली ठेवलं. पेपर तपासताना ती पेन फक्त भूकंप झाला तर खाली ठेवायची.

"ओहोटी रोज तेवढीच पुढे सरकते," ती म्हणाली. "पूर्वज नाही उशीर करत; समुद्र करतो. आणि ते बोट म्हणजे शिंपली आहे."

"शिंपली गोल असते."

"सगळ्या नसतात. सोलेन नावाची एक प्रजाती आहे. लांबट, सुरीच्या म्यानासारखी, दोन शिंपांच्या मध्ये राहणारी. वाळूत सरळ उभी राहते, हातभर खोल जाते. वर राहते ती फक्त एक फट, कुलपाच्या भोकासारखी. फटीत मीठ टाकलं की ती वर येते. काही देशांत लोक तशीच पकडतात."

"का येते?"

"कोणी म्हणतं मीठ झोंबतं, कोणी म्हणतं तिला वाटतं भरती आली. तिला विचारून नक्की केलेलं नाही. या प्रजातीत पुष्कळ जाती आहेत, काही पेन्सिलीएवढ्या बारीक, काही चांगल्या जाडजूड."

"म्हणजे करंगळी आणि अंगठा!"

"तुमचे बाबा एकाच प्रजातीवर अख्ख्या गावाचं कुळ चालवतायत."

चष्मेवाल्याला आता रागही आला आणि हसूही आलं. "पण आईला नकार कसा मिळाला?"

"ज्याला हो सांगायचं त्याच्या वेळी फटीत मीठ. ज्याला नाही सांगायचं त्याच्या वेळी काठीने रिकामं भोक. रिकाम्या घराची घंटा कितीही वाजवा."

"आईला हे सांगून पटणार नाही."

"सांगू नका," बायको म्हणाली. "दुकानात गिऱ्हाइकाला नंबर काढताना काय करता?"

"एक काच बदलतो. बाकी सगळं आहे तसंच ठेवतो. आणि विचारतो, हे बरं की ते बरं?"

"मग तेच करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला दोन पुड्या घेऊन वाळूवर गेला: एकीत बंबातली राख, दुसरीत घरचं जाडं मीठ. सोबत अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली बायको, आणि "मी फक्त ह्यांची माफी मागायला येतेय" असं तीनदा बजावून निघालेली आई. रस्ताभर चष्मेवाल्याला एकच काळजी होती. शिंपली आजच रजेवर असली तर?

गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. वाळूबाबा एका बाईला सांगत होते की, तिच्या सासूबाई वर यायला तयार आहेत, पण सून आधी वाकली तर.

"बाबा, मला एकाला बोलवायचंय," चष्मेवाला म्हणाला.

"तुझा प्रश्न काल झाला. तोच प्रश्न पुन्हा विचारला की पूर्वज रुसतात."

"अण्णांना नाही. तुम्हाला बोलवायचंय."

"मी इथेच आहे."

"असू द्या. खालून बोलवतो."

गर्दीत खसखस पिकली. बायकोने वाळूवर डोळे बारीक करून पाहिलं आणि कुलपाच्या भोकासारख्या एका फटीकडे नजरेनेच खूण केली. चष्मेवाला तिथे बसला. त्याने आधी राखेची पुडी उघडली, फटीत चिमूट सोडली, पाणी ओतलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "वाळूबाबा, एक पातळी वर या!"

काही नाही.

"बघा!" बाबा हसले. "अधिकार लागतो."

"थांबा. एक काच बदलतो." त्याने त्याच फटीत, तेवढंच, पण मीठ टाकलं. तेच पाणी. तीच हाक, तोच सूर. वाळू हलली. बुडबुडा आला. आणि फिकट, ओलं, पेरं असलेलं बोट ऐटीत वर आलं.

"हे बरं, की ते बरं?" चष्मेवाल्याने सवयीने गर्दीला विचारलं.

"दुसरं!" पाचपन्नास जण म्हणाले. त्यातले निम्मे त्याचे गिऱ्हाईक होते.

"पण बाबा तर जिवंत आहेत," न्हावी गोंधळून म्हणाला. "मग हे बोट कोणाचं?"

सगळ्यांनी बाबांच्या हातांकडे पाहिलं. दहाही बोटं जागच्या जागी होती. बाबांनी ती पटकन मुठीत लपवली.

"माझंच," ते म्हणाले. "पुढच्या जन्मातलं. ॲडव्हान्स."

एवढ्यात न्हाव्याचा धीर सुटला. त्याने झडप घालून बोट पकडलं. बोटाने एक हिसका दिला, पाण्याची पिचकारी थेट न्हाव्याच्या तोंडावर उडाली आणि बोट खाली पळालं. न्हाव्याच्या चिमटीत मात्र एक पेर राहिलं.

"तोडलं!" तो किंचाळला. "मी बाबांचं पेर तोडलं! कनेक्शन गेलं!"

"काही तोडलं नाहीस," चष्मेवाल्याची बायको पुढे झाली. "ती तिची पाणी ओढायची नळी. कोणी पकडलं की शेंडा टाकून पळते, पाल शेपटी टाकते तशी. शेंडा पुन्हा उगवतो. अशी झडप नाही घालायची." तिने दुसऱ्या फटीत मीठ टाकलं, नळीमागोमाग शिंपेची कड वर येईपर्यंत वाट पाहिली, मग ती चिमटीत धरून हळूहळू, वांग्यातली अळी काढावी तशा शांतपणे, अख्खी शिंपली बाहेर ओढली. वीतभर लांब, तपकिरी, म्यानासारखी. तळाशी गुबगुबीत मांसल पाय, जो हवेतच वाळू शोधत होता.

गर्दीतून "अय्या" आणि "शी" यांच्या मधला एक आवाज आला.

"हात लावू नका!" बाबा गरजले. "ह्या आजींच्या मालकांची सावली आहे तिच्यात!"

"मग तर मीच लावते," आई म्हणाली.

ती पुढे आली. तिला शिंपली दिसत नव्हतीच. दिसत होता एक तपकिरी धूर. तिने हात पुढे केला आणि सुनेने शिंपली तिच्या तळव्यावर ठेवली. आईने ती दोन्ही हातांनी चाचपली, वरून खाली, खालून वर. चष्मेवाल्याला आईचा चेहरा बघवेना. ती आता रडेल असं त्याला वाटलं.

"हाड नाही," आई म्हणाली. "नख नाही. दोन्ही बाजूंनी टरफल आहे." पाय तिच्या बोटावरून सरकला. "आणि हे पळायला बघतंय. करवतीत बोट गेलं त्या दिवशी हे घरी आले, तेव्हा रात्रभर मी त्यांचा हात असा धरून बसले होते. ते एकदाही हलले नव्हते." तिने शिंपली सुनेच्या हातात परत दिली. "सोड गं हिला पाण्यात. बिचारी. गाव येऊन कसले कसले प्रश्न विचारतं तिला."

मग ती बाबांकडे, म्हणजे साधारण बाबा असतील त्या दिशेला, वळली.

"सागरामृतात काय असतं हो?"

"सागर," बाबा म्हणाले.

"गाळलेला?"

बाबा गप्प. न येण्याची भाषा असते तशी न बोलण्याचीही असते. ती मात्र त्या दिवशी सगळ्यांना कळली.

बाबांना कोणी मारलं नाही. लोकांनी त्यांना प्रश्न विचारले. दूध गेलं त्या गाईचं काय? मुलीचं स्थळ मोडायला लावलंत त्याचं काय? माझ्या सासूबाईंनी मला सगळ्यांदेखत वाकायला लावलं ते कोण होतं, कुठली जात? दुपारी भरती आली, लोक मागे सरले, तरी प्रश्न संपेनात. पोलीस चौकीत बसल्यावर बाबा हवालदाराला म्हणाले म्हणे, मारलं असतं तर परवडलं असतं.

न्हावी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात आला. "खुर्ची तर मी कालच घेतलीय," तो म्हणाला. "आणि तेव्हापासून गिऱ्हाईकही वाढलंय. मग शिंपलीचा सल्ला खरा निघाला की!"

"नाणं उडवलं असतंस, तरी अर्ध्या वेळा खरंच निघालं असतं," बायको म्हणाली. "ज्यांना चुकीचं सांगितलं, ते गप्प बसतात. बरोबर निघालेले तेवढे दुकानोदुकानी सांगत फिरतात."

"म्हणजे मी?"

"म्हणजे तू."

पुढे काही दिवस गावात मीठ मिळेना. जो तो वाळूवर जाऊन मिठाने शिंपल्या वर काढून बघत होता. बायकोला शाळेत सूचना लावावी लागली की सोलेन हा सजीव आहे, लिफ्ट नव्हे.

सोमवारी सगळी मोठ्या इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी आईचे लाल डोळे तपासले, आठवडाभर साधं औषध घालायला सांगितलं आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली. "उशीर थोडक्यात टळला," त्या म्हणाल्या. "काही विचारायचंय?"

आईने खुर्ची पुढे ओढली. सुरी किती मोठी असते? मला जाग असेल का? जुनी काच काढून टाकता ती कुठे टाकता? नवीन बसवता ती किती वर्षं टिकते? तुमचा हात थरथरला तर? याआधी कोणाचं बिघडलं का, आणि बिघडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? बाहेर पेशंटांची रांग लांबत गेली. डॉक्टरीणबाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं; एका प्रश्नाला त्या "ते मला नक्की सांगता येणार नाही" म्हणाल्या, आणि नेमक्या त्याच उत्तरावर आईने मान डोलावली.

"आई, पुरे आता," चष्मेवाला कुजबुजला. "त्यांना काम आहे."

"गप रे," आई म्हणाली. "चाळीस वर्षं मी विचारत होते आणि ते काही म्हणत नव्हते. वाळूत तर माझ्या वतीने विचारणाराही दुसराच होता. ज्याला उलटून विचारता येत नाही, त्याचं उत्तर घेऊ नये. ह्या बाई उत्तर देतायत, आणि चुकलं तर उद्या इथेच सापडणार आहेत. हां, तर बाई, दुसऱ्या डोळ्याचं काय म्हणालात?"